चौदा सेकंदांची फुंकर

कुंभकोणमच्या भाजीबाजारात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. मागून आवाज येतो, "ऊदुंगम्मा, इकडे या, वांगी कोवळी आहेत." तमिळमध्ये 'ऊदुंग' म्हणजे फुंका. एकतीस वर्षं मी इथल्या एका छातीच्या दवाखान्यात बसून लोकांना "ऊदुंग, ऊदुंग, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडत होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि खाली औषधांचं दुकान. दुपारी जेवायला खाली उतरले की दुकानदार सांगायचा, आज सकाळपासून अकरा जण फुंकून गेले. त्याचा आकडा कधी चुकला नाही.

आधी माझ्या भाषेबद्दल. आमचं घर मराठी. पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर खाली उतरले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ही मराठी इतकी जुनी, की माझी सोलापूरची सून लग्न होऊन आली तेव्हा पहिले दोन महिने ओठ दाबून हसत असे. "तुज काय पाहिजे?" असं विचारलं की तिला म्हणे पोथी ऐकल्यासारखं वाटायचं. आता तीच हे लिखाण तपासते आहे. तेव्हा भाषा सरळ असेल तर श्रेय तिचं, आणि जिथे वाकडी होईल तिथे मी तिचं ऐकलेलं नाही.

माझं काम स्पायरोमेट्रीचं, म्हणजे फुप्फुसात किती हवा मावते आणि ती किती वेगाने बाहेर येते हे मोजायचं. लोकांना वाटतं, श्वास म्हणजे श्वास, त्यात मोजायचं काय? मी त्यांना दुधाची पिशवी दाखवायची. रोज सकाळी दारात पडते ती, अर्ध्या लिटरची. तुम्ही आत्ता वाचताना शांतपणे जो श्वास घेता आहात, तो साधारण तेवढा, एक पिशवी. पण मनात आणलं तर छाती भरून घेऊन, शेवटपर्यंत जोर लावून सोडलेली हवा सहा पिशव्या भरते. उंच तरुण माणूस असेल तर आठ-दहासुद्धा. आणि गंमत पुढेच आहे. तुम्ही डोळे पांढरे होईपर्यंत फुंकलंत, आता आत काही म्हणता काही उरलं नाही असं वाटलं, तरी दोन-तीन पिशव्या हवा आत राहतेच. ती कोणालाच बाहेर काढता येत नाही. आमच्या यंत्राला ती दिसतही नाही, ती मोजायची तर काचेच्या पेटीत बसवणारं मोठं यंत्र लागतं. मला हे पहिल्यांदा शिकवलं त्या दिवशी मी बसमध्ये बसून घरापर्यंत नुसती फुंकत आले होते. शेजारच्या बाईने जागा बदलली.

दुसरी मोजायची गोष्ट वेगाची. धडधाकट माणसाची बहुतेक हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर पडते, सहातल्या साडेचार-पाच पिशव्या तरी. श्वासनळ्या आकसल्या असतील तर तीच हवा रेंगाळत येते. संगणकावर त्याची रेघ उमटते. चांगल्या फुंकरीची रेघ गोपुरासारखी ताठ वर चढते, टोकाला अणकुचीदार होते आणि मग उतरते. आजारी फुंकरीची रेघ मधेच खचते. मला नुसती रेघ दाखवा, नाव झाका, मी सांगेन की हा दमेकरी आहे, का विडी ओढणारा आहे, का नुसता आळशी आहे. निदान तशी माझी समजूत होती.

कारण फुंकर खोटी असेल तर सगळे आकडे खोटे. रक्त तपासायचं तर माणसाने फक्त हात पुढे करायचा. या तपासणीत माणसाने स्वतः जीव काढून फुंकलं पाहिजे, आणि तसं फुंकायला लावणं हाच माझा धंदा. म्हणून एकदा नाही, तीनदा फुंकायचं, आणि तिन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखे आले तरच खरं मानायचं. चुकार माणसाचे तीन आकडे तीन दिशांना जातात, हा आमचा आधार.

इथल्या माणसांना फुंकायला लावणं सोपं नाही हो. आमच्याकडे पाणी वरून पितात. भांड्याला ओठ लावला की ते उष्टं. त्यामुळे तोंडात नळी धरा म्हटलं की म्हातारी माणसं ती वीतभर लांब धरून वरून फुंकायची. मग नवीकोरी पुठ्ठ्याची नळी त्यांच्यासमोर पाकिटातून काढायची, "ही तुमचीच, तुमच्यानंतर कचऱ्यात" अशी शपथ घ्यायची, तेव्हा कुठे ओठ मिटायचे. वेदपाठशाळेतले एक गुरुजी आले, त्यांना नाकाचा चिमटा मान्य नव्हता. म्हणाले, नाक धरायला देवाने अंगठा दिला आहे. मग त्यांनी इतका संथ, इतका सुरेख श्वास सोडला की यंत्रच कंटाळून बंद पडलं. तिरुभुवनमचे एक रेशमाचे व्यापारी माझ्या ओरडण्याने इतके पेटले, की त्यांची कवळी नळीत जाऊन बसली. आणि देवळात नादस्वरम, म्हणजे इकडची लांब सनई, वाजवणारे एक जण तर तीनदा येऊन गेले. त्यांची हवा प्रत्येक वेळी थोडी कमीच. शेवटी विचारलं, तेव्हा कळलं की त्यांच्या गुरूंनी लहानपणीच बजावलं होतं, सगळा श्वास कधी खर्च करायचा नाही, पुढच्या सुरासाठी ठेवायचा. मी म्हटलं, पुढचा सूर नाही, आज मैफल इथेच संपली. मग त्यांनी जे फुंकलं, ते ऐकून खालच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं, कोण होतं म्हणून.

हे सगळं मी फुशारकीने सांगते आहे हे मला कळतं. माणूस पाहिला की त्याची फुंकर कुठे अडते ते मला कळतं, असा मला अभिमान होता. पुढचं आता ऐका.

चार-एक वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन यंत्र आलं. त्याच्याबरोबर पडद्यावर चित्रं होती. फुंकलं की चित्रात काहीतरी व्हायचं, म्हणजे माणसाला चेव यावा. केकवरच्या मेणबत्त्या होत्या, फुगा होता, आणि बसवायला आलेला माणूस कौतुकाने म्हणाला, "मॅडम, हे खास आपल्या लोकांसाठी." त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर पितळेची समई आली. उंच दांडी, पाच वाती पेटलेल्या, आणि डोक्यावर हंस.

मी खुर्चीतून उठले. ती आमच्या नाचियार्कोविलची समई होती. कुंभकोणमपासून बसने अर्ध्या तासावरचं गाव, घरोघरी पितळेच्या समया ओततात, आणि हंस ही त्यांची खूण. आमच्या गावचा दिवा संगणकावर आला म्हणून मी डॉक्टरांना हाताला धरून आणलं. जितक्या जोरात फुंकाल तितक्या वाती विझणार. पाचही विझल्या तर खाली फुलांची माळ उमटणार. मी त्याच दिवशी मेणबत्त्या बंद केल्या आणि सगळ्यांना समई लावली. "हा दिवा दिसतो ना, एका फुंकरीत विझवायचा. ऊदुंग." लोक विझवत होते आणि मी खूश होते.

एक दिवस सामिनाथ पत्तर आले. पत्तर म्हणजे धातूकाम करणारे, आपल्याकडच्या कासारांसारखे. वय साठीच्या पुढे, अंगाने वाळलेले, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. नाचियार्कोविलला त्यांची भट्टी. चाळीस वर्षं वितळलेलं पितळ ओतत आलेले. पावसाळ्यात खोकला लागायचा, जिना चढताना धाप लागायची. बरोबर त्यांची मुलगी होती, तमिळसेल्वी. तीच बोलत होती.

मी त्यांना खुर्चीत ताठ बसवलं, चिमटा लावला, समई दाखवली आणि सुरू झाले. "छाती भरून घ्या, घ्या, घ्या, आता फुंका, जोरात, विझवा, ऊदुंग, ऊदुंग." त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि श्वास सोडला. सावकाश. पण सोडतच राहिले. मी ओरडते आहे, ते सोडताहेत. चौदा सेकंद. आकसलेल्या नळ्यांची माणसं असंच करतात, त्यांची हवा संपता संपत नाही. पहिल्या सेकंदात जेमतेम दोन पिशव्या आल्या होत्या. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाच्या निदान साडेचार तरी यायला हव्यात.

दुसऱ्यांदा फुंकवलं, तीच रेघ. तिसऱ्यांदा, तीच. एकावर एक ठेवल्या तर एकच दिसावी. नळ्या मोकळ्या करणारा फवारा दिला, वीस मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकवलं. तरी तेच. म्हणजे औषधानेही काही उघडत नाही. रिपोर्टच्या खाली मी नेहमीप्रमाणे माझ्या हाताने लिहिलं, 'रुग्णाचा प्रयत्न उत्तम'. त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी छाती तपासली, थोडी शीळ ऐकू आली, भट्टीची चाळीस वर्षं ऐकली, रिपोर्ट पाहिला. त्यांची काही चूक नाही, कागद माझा होता. ते आदराने म्हणाले, "ऐया, नळ्या कायमच्या आकसल्या आहेत. आता भट्टीजवळ जायचं नाही. धूर नाही, धग नाही. आहे तेवढं तरी सांभाळू."

तमिळसेल्वी रडली. पत्तरांनी फक्त मान हलवली आणि चपला घालून निघाले. जिन्यात त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

यानंतर सातएक आठवड्यांनी तुळजाबाई आल्या. आमच्यातल्याच, जुन्या दरबाराशी नातं सांगणाऱ्या घराण्यातल्या. वय पंचाहत्तर, काठीसुद्धा दिमाखात टेकणाऱ्या. त्या मुलाशी मराठी बोलताना ऐकल्या आणि मी हरखले. दवाखान्यात मराठी बोलायला मिळणं म्हणजे माझा सण. मी चिमटा लावला, नळी दिली, आणि आमच्या घरच्या मराठीत सांगितलं, "आजी, हा दिवा दिसतो की? एका दमांत फुंकून काढायचा."

त्यांनी नळी तोंडातून काढली. चिमटा नाकावर तसाच, त्यामुळे आवाज गेंगाणा, पण जरब जशीच्या तशी.

"अगे, तूं कोणाची लेक?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

"मराठी घरची आहेस म्हणतेस, आणि दिवा तोंडानें फुंकून काढ म्हणतेस? तुझे घरीं असेंच करतात कीं?"

"आजी, हें चित्र आहे."

"चित्रांत देव असला तर त्यास लाथ मारशील कीं? मज नको. विझवायचाच असला तर फूल आणून दे."

मी पडद्याकडे वळून पाहिलं. माझ्या घरी रोज संध्याकाळी समई लागते. आई सांगायची, दिव्याला तोंडाची वाफ लागू द्यायची नाही. वात फुलाने तेलात ढकलायची, आणि तेव्हाही 'विझवला' म्हणायचं नाही. साठीला आलेली मी, जन्मात एकदाही समई फुंकली नव्हती. आणि वर्ष-दीड वर्ष रोज दहा-बारा माणसांकडून तेच करवून घेत होते, का तर ती पडद्यावर होती आणि आमच्या गावची होती. बहुतेकांनी चित्र म्हणून फुंकलं असेल. पण ज्याच्या हातातून ती समई बनते, तो कसा फुंकेल?

तुळजाबाईंची तपासणी मी फुगा लावून केली. त्यांनी फुगा पहिल्या झटक्याला फोडला. त्यांच्या पाठोपाठ मी पत्तरांची फाइल काढली. रेघ बघितली. टोक गोल होतं. आजारी माणसाचीसुद्धा रेघ सुरुवातीला अणकुचीदार चढते आणि मग खचते, कारण तोही सगळा जोर लावतो. ही रेघ सुरुवातीपासून टेकडीसारखी गोल, मऊ. म्हणजे जोर लावलाच नव्हता. आणि तिन्ही वेळा सारखी कशी, तर चाळीस वर्षं वितळलेलं पितळ एका धारेत ओतणारा माणूस आहे तो. ज्याचा हात एवढा बेताचा, त्याचा श्वासही बेताचा. ज्या खुणेवर मी आयुष्यभर विसंबले, तिनेच मला फसवलं. नाही, असं नको. गोल टोक मला दिसायला हवं होतं. मी पाहिलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतात. त्यांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "अक्का, फोन करून बोलवून घ्या." फाइलवरचा नंबर लावला, तो लागेना. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी रजा टाकली आणि नाचियार्कोविलची बस धरली.

दोन्ही बाजूंनी भातशेती, आणि माझ्या छातीत अशी धडधड की स्वतःचीच तपासणी करावी. चूक झाली याची शरम होतीच, पण खरं सांगू, त्याहून मोठी गोष्ट आशेची होती. एकतीस वर्षांत मी कित्येकांना वाईट आकडे दिले. दिलेला वाईट आकडा परत घ्यायला निघायची वेळ तेवढी एकदाच आली.

त्यांची भट्टी बंद होती. छपरात ओतकामाची काळी वाळू नीट सारून ठेवलेली. पत्तर ओसरीत बसून कानशीने छोट्या दिव्यांच्या कडा घासत होते. भिंतीला लागून जुन्या पितळी भांड्यांचा ढीग, घागरी, ताटं, तांबे, काहींवर नावं कोरलेली.

तमिळसेल्वीने सांगितलं. जवळच्या एका खेड्यातल्या देवळासाठी पुरुषभर उंचीची समई करायची होती. गावातल्या घराघरांतून भांडी आली होती, ती वितळवून. सामिनाथ पत्तरांनीच ओतावी असा गावाचा हट्ट होता, आणि त्यांचीही तीच इच्छा. एवढी मोठी समई त्यांनी कधी केली नव्हती. डॉक्टरांनी भट्टी बंद केली तेव्हा त्यांनी निरोप धाडला. गावकरी आजवर थांबले होते, पण कार्तिकातला दिव्यांचा सण जवळ आला. "शुक्रवारी गाडी घेऊन येताहेत, अम्मा. भांडी दुसरीकडे नेणार आहेत."

मी ओसरीतच बसले. "पत्तर ऐया, त्या दिवशी तुम्ही जोराने फुंकलं नाहीत ना?"

त्यांनी कानस खाली ठेवली. "नाही."

"का?"

"दिवा होता, अम्मा. हंसाचा. माझ्या आजोबांच्या साच्यातला हंस असाच आहे, मान थोडी डावीकडे. तुम्ही म्हणालात विझवा. मी बेताने सोडला. वात हलेल, पण विझणार नाही, एवढाच."

"तीनदा?"

"फवाऱ्यानंतर आणखी तीनदा. एकही वात गेली नाही." यात त्यांना थोडा अभिमान होता.

"अहो, त्यावरून तुमची भट्टी बंद झाली. मला एक शब्द तरी सांगायचात ना."

ते जरा हसले. "तुम्ही इतक्या मोठ्याने ओरडत होता, अम्मा. मधे बोलायला जागा कुठे होती?"

ते वाक्य त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. तमिळसेल्वीने मला पाणी आणून दिलं. मी ते वरून प्यायले, आणि अर्धं पदरावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दोघं पहिल्या बसने आली. मी पडदा काळा करून ठेवला होता. ना समई, ना मेणबत्ती, ना फुगा. त्यांना ताठ बसवलं आणि आधी विचारलं, "ऐया, लहानपणी भट्टी कशी फुलवायचात?"

"आता विजेचा पंखा आहे. तेव्हा भाता होता. त्याच्याही आधी, अगदी लहान असताना, लोखंडी फुंकणीने. आजोबा शेजारी उभे राहायचे."

"पितळ वितळत आलंय. निखारे मावळताहेत. भाता फाटला. हातात फक्त फुंकणी आहे, आणि आता नाही फुंकलं तर सगळं पितळ मुशीत थिजेल. समजलं?"

त्यांनी मान हलवली. डोळे मिटले. मी चिमटा लावला. खुणेने सांगितलं, छाती भरा. ते भरत गेले, भरत गेले, खांदे वर आले. मी तोंड उघडलं, आणि त्या एका वेळी मी ओरडले नाही. हलकेच म्हटलं, "ऊदुंग."

काय फुंकलं म्हणून सांगू. रेघ अशी सरळ वर गेली, की मी खुर्चीचा हात धरला. टोक सुईसारखं. तमिळसेल्वी दोन पावलं मागे सरली. पहिल्या सेकंदात चार पिशव्यांच्या वर, म्हणजे दोन लिटर शंभर मिली. आधीच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्यांदा तेवढंच. तिसऱ्यांदा तेवढंच. एकावर एक, पण आता तिन्ही खऱ्या. फवाऱ्यानंतर आणखी अर्धी पिशवी वाढली. म्हणजे नळ्या थोड्या आकसल्या होत्या खऱ्या, पण औषधाने उघडत होत्या.

रिपोर्ट हातात घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले तेव्हा त्यांच्यासमोर दुसरा रोगी बसला होता. मी दारही वाजवलं नाही. डॉक्टरांनी कागद पाहिला, बाहेर आले आणि पत्तरांपुढे उभे राहिले. "ऐया, मागच्या वेळी आमचं चुकलं. रोज औषध ओढायचं. भट्टीवर धुराडं बसवायचं, तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क. दर सहा महिन्यांनी इथे येऊन फुंकायचं. एवढं पाळणार असाल तर ओता."

पत्तरांनी विचारलं, "उद्यापासून?"

डॉक्टर म्हणाले, "आधी धुराडं."

धुराडं बसायला पाच दिवस लागले. पण शुक्रवारी आलेली गाडी रिकामी परत गेली, आणि भांडी त्याच छपरात वितळली. कार्तिकातल्या त्या सणाच्या दिवशी मी त्या खेड्यात गेले. देवळाच्या मंडपात समई उभी होती, माझ्या डोक्याहून उंच, वर हंस, मान थोडी डावीकडे. बायका आपापल्या घागरीचं पितळ कुठल्या भागात गेलं असेल यावर वाद घालत होत्या. पत्तर एका खांबाला टेकून उभे होते, खिशात औषधाचा फवारा. मी नमस्कार केला, तर म्हणाले, "अम्मा, फुंकू नका बरं का."

त्यानंतर मी वर्ष-दीड वर्षातल्या सगळ्या फाइली काढल्या. गोल टोकाचे आणखी सहा जण निघाले. त्यांना परत बोलावलं. पाच आले, पाचही जणांचे आकडे सुधारले. सहाव्या बाई तिरुविसनल्लूरच्या होत्या, घर बदलून कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचा कागद मी अजून विसरलेले नाही. कुठेतरी त्या माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून जिना चढायला घाबरत असतील.

पुढची दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मी यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारायचे, "काही सांगायचं आहे?" बहुतेक जण नाही म्हणायचे. काही जण मात्र असं काही सांगायचे की रिपोर्टच बदलायचा. दुकानदाराने खालून एकदा विचारलं, अम्मा, हल्ली तुमचा आवाज कमी येतो, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, आधी ऐकते आणि मग ओरडते.

निवृत्तीच्या दिवशी पत्तरांनी वीतभर उंचीची समई दिली. ती आमच्या देवघरात असते. संध्याकाळी सून लावते, आणि झोपायच्या आधी शांत करायचं काम माझं. जास्वंदीची पाकळी घेऊन वात तेलात ढकलते. त्या वेळी तिला एक गोष्ट दिसते, आणि ती हसते. जिने सगळ्या कुंभकोणमला फुंकायला लावलं, ती बाई दिव्यापुढे वाकताना श्वास धरून ठेवते.

मी तिला सांगते, हस. सहा पिशव्या आहेत, एकही बाहेर जाऊ देणार नाही.